मुंबईत स्थायिक होताना : आधी धंद्याचा रस्ता, मग घर

दरवर्षी शाळांचे निकाल लागले की आमच्या दुकानात एकच प्रश्न घेऊन येणाऱ्यांची ये-जा सुरू होते. कुणी मालेगावचा असतो, कुणी सोलापूरचा, कुणी महाड-चिपळूणकडचा. प्रश्न असा की, "मुंबईत यायचे ठरवले आहे, राहायला कुठली जागा बरी?" आम्ही कापडाच्या धंद्यात आयुष्य घालवले आहे. दुसऱ्याच्या घराचा सल्ला देणे आमचे काम नव्हे. परंतु या एका प्रश्नाचे उत्तर चुकल्यामुळे अनेक कुटुंबांची आयुष्यभराची कमाई बुडाल्याचे आम्ही पाहिले आहे. त्यात आमचे स्वतःचे कुटुंबही आले. म्हणून आजचा लेख याच विषयावर लिहीत आहोत.

गेल्या वर्षी आमचा सख्खा भाचा मालेगावहून आला. बायकांचे गाऊन शिवून विकण्याचा त्याचा धंदा आहे. वडिलांचे यंत्रमाग विकून आलेले पैसे आणि बहिणीचे दागिने मिळून नऊ लाखांची रक्कम त्याने उभी केली होती.

"मामू, विरारच्या बाजूला नऊ लाखांत रूम मिळते आहे. मीटर आहे, घरपट्टीची पावती आहे. एकवीस हजार बयाणा देऊन आलो. तुम्ही फक्त एकदा येऊन पाहा."

"रूम नंतर पाहू बेटा. आधी सांग, तुझे कापड कुठून येणार आणि गाऊन कुठे विकले जाणार?"

त्याला उत्तर देता आले नाही. त्याची चूक येथेच झाली होती आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वी आम्हीही हीच चूक केली होती.

आमची स्वतःची चूक

१९९७ साली आमच्या वालिदसाहेबांनी चार माग विकले. त्यात काही उधार रक्कम घालून एका उपनगरात चार मजली इमारतीतील एक खोली एक लाख दहा हजारांना घेतली. कागद म्हणजे नोटरीसमोर केलेला करार. वीज आली, पाणी आले, घरपट्टीचे बिलही आले. आम्ही निश्चिंत झालो. सहा वर्षांनी इमारत अनधिकृत असल्याची नोटीस लागली व ती पाडण्यात आली. बिल्डर तोवर दुसरीकडे निघून गेला होता. रस्त्यावर भांडी ठेवून बसलेल्या वालिदसाहेबांनी एकच गोष्ट विचारली, "आपण कागद वाचला होता का?" आम्ही तो वाचला नव्हता. खोली स्वस्त होती आणि आसपास आपली वस्ती होती, तेवढ्यावर आम्ही खूश होतो.

अशा स्वस्त खोल्यांकडे आपले लोक का ओढले जातात, याचे कारणही स्पष्ट सांगितले पाहिजे. १९९२-९३ च्या दंगलीनंतर शहरातील असंख्य मुस्लिम कुटुंबे मुंब्रा, मीरा रोड अशा ठिकाणी गेली. आजही चांगल्या सोसायटीत नाव विचारल्यावर घर नाकारले जाण्याचा अनुभव अनेकांना येतो. पर्याय कमी असले की माणूस घाईने निर्णय घेतो, आणि त्या घाईचा फायदा घेणारे लोक नेमके तेथे बसलेले असतात. तेव्हा अन्यायाविरुद्ध बोलावेच, परंतु आपला पैसा देताना डोळे उघडे ठेवणे हे आपल्याच हातात आहे.

पहिला धडा : बाजार कुठे आहे ते ओळखा

मुंबईत प्रत्येक धंद्याची गल्ली ठरलेली आहे. कापडाचा ठोक व्यापार काळबादेवीच्या मुळजी जेठा मार्केटमध्ये आणि जुमा मशिदीजवळच्या मंगलदास मार्केटमध्ये चालतो. विजेचे सामान लोहार चाळीत, यंत्रांचे सुटे भाग व हार्डवेअर नागदेवी स्ट्रीटवर, तयार माल व परचुरण वस्तू मुसाफिरखाना, अब्दुल रहमान स्ट्रीट व त्याच्या आसपास. चामड्याच्या वस्तू व शिलाईचे कारखाने धारावीत आहेत. जरीकामाचे अड्डे धारावी-गोवंडीच्या गल्ल्यांत सापडतात. कोरे कापड हवे असेल तर भिवंडी. जीन्स व तयार कपड्यांचा मोठा बाजार उल्हासनगरला आहे. दादरच्या हिंदमाता भागातही कापडाची ठोक दुकाने आहेत.

नवीन माणसाने पहिल्या फेरीत घर पाहूच नये. आठ दिवस फक्त बाजार फिरावा. कापड बाजार रविवारी बंद असतात, चोर बाजार शुक्रवारी बंद असतो, हे लक्षात ठेवून यावे. तीन गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात : माल कुठून उचलणार, कारागीर कुठे मिळतील आणि पैसे देणारे गिऱ्हाईक कुठे आहे. या तीन ठिकाणांमधून जो रस्ता जातो त्या रस्त्यावर आपले घर असावे.

दुसरा धडा : किलोमीटर नव्हे, लाइन मोजा

मुंबईत अंतर रेल्वेच्या लाइनवर मोजतात. पश्चिम रेल्वेची लाइन चर्चगेटहून बोरिवली, मीरा रोड, वसई, विरारमार्गे डहाणूकडे जाते. मध्य रेल्वेची लाइन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून कुर्ला, ठाणे, मुंब्रा, कल्याण अशी जाते व कल्याणला तिला कसारा आणि कर्जत असे दोन फाटे फुटतात. हार्बर लाइन कुर्ला, गोवंडी, वाशीमार्गे पनवेलला जाते. मीरा रोड आणि मुंब्रा ही दोन्ही स्टेशने आपापल्या टर्मिनसपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहेत. परंतु मीरा रोडच्या माणसाला रोज भिवंडी गाठायची असेल आणि मुंब्र्याच्या माणसाला अंधेरी, तर दोघांचीही दमछाक ठरलेली.

येथे एक साधा हिशेब करून पाहावा. स्वस्त भाड्यासाठी आपण लांब राहिलो आणि रोज दोन तास जास्त गेले, तर महिन्याच्या २६ कामाच्या दिवसांत ५२ तास गेले. दहा तासांचा दिवस धरला तर पाच दिवसांहून अधिक. कारागिराने आपल्या पाच दिवसांची मजुरी काढावी आणि मग वाचलेल्या भाड्याशी तिची तुलना करावी. पुष्कळदा स्वस्त घर महाग पडते.

सकाळी आठ ते अकरा शहराकडे आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ परतीच्या दिशेने गर्दी अशी असते की तागा घेऊन चढणे अशक्य. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर गर्दीने भरलेल्या लोकलच्या दारातून पडून प्रवाशांचे जीव गेले, ही घटना आपण विसरलेलो नाही. माल न्यायचा तर दुपारी न्यावा, लगेजचे तिकीट काढून लगेजच्या डब्यातूनच न्यावा. रविवारी मध्य व हार्बर लाइनवर मेगाब्लॉक असतो, त्या दिवशी गिऱ्हाइकाला वेळ देऊ नये.

तिसरा धडा : उपनगरे एकेक करून

कुर्ला : मध्य आणि हार्बर या दोन्ही लाइन येथे मिळतात व उत्तरेकडच्या गाड्यांचे लोकमान्य टिळक टर्मिनसही जवळ आहे. ज्याला रोज मस्जिद बंदरला जायचे आहे आणि ज्याचे कारागीर बाहेरगावचे आहेत त्याला हे सोयीचे. जागा लहान व महाग. मिठी नदीकाठच्या सखल भागात पावसाळ्याचा विचार करूनच जागा घ्यावी.

मुंब्रा-कौसा : मध्य रेल्वेच्या स्लो लोकल येथे थांबतात. ठाणे महापालिकेची हद्द. ठाणे, कल्याण, भिवंडी या तिन्ही बाजूंना ज्यांचे काम आहे त्यांना योग्य. उर्दू शाळा, मशिदी, दवाखाने सर्व आहे. परंतु येथे कागद तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

भिवंडी : यंत्रमाग, सायझिंग, ट्रान्सपोर्ट आणि गोदामांचे गाव. कापडवाल्याला माल येथेच स्वस्त पडतो. मात्र मुंबईहून थेट लोकल नाही. वसई-दिवा लाइनवर भिवंडी रोड स्टेशन आहे, पण गाड्या मोजक्याच. बहुतेकांना ठाणे किंवा कल्याणला उतरून बस वा रिक्षा करावी लागते. मुलांसाठी कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीचे रईस हायस्कूल ही येथील जुनी संस्था आहे.

मीरा रोड : पूर्वेला नया नगर ही आपली मोठी वस्ती. अंधेरी, मालाड, बोरिवलीकडे ज्यांची दुकाने वा गिऱ्हाइके आहेत त्यांनी येथे राहावे. सोसायट्या बऱ्यापैकी नीट आहेत, त्यामुळे भाडेही त्या मानाने जास्त.

धारावी : कारागिराला काम आणि निवारा एकाच ठिकाणी देणारी जागा. परंतु सध्या तेथे पुनर्विकासाचे काम हाती घेतलेले आहे. अशा वेळी मोठे डिपॉझिट देऊन किंवा "पुढे पक्के घर मिळेल" या आशेवर झोपडे वा गाळा विकत घेऊ नये. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मिळालेले घरही ठरावीक मुदत संपेपर्यंत विकता येत नाही. मुखत्यारपत्रावर असे घर घेणारा माणूस स्वतः होऊन अडचण विकत घेतो.

एक सूचना सर्वच उपनगरांसाठी. एजंट तुम्हाला येणारी मेट्रो, येणारा पूल, येणारे स्टेशन दाखवील. ते येईल तेव्हा येईल. तुमचा हिशेब आज जो रस्ता आहे त्यावर करा.

चौथा धडा : भाडे, पागडी आणि मालकी

नव्या माणसाने पहिले वर्ष भाड्यानेच राहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणी केलेला असला पाहिजे आणि नोंदणी करून देणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. पुष्कळ लोक थोडे पैसे वाचवण्यासाठी साध्या स्टॅम्पपेपरवर काम भागवतात. पुढे डिपॉझिट अडकले की तोच कागद कामाला येत नाही. शिवाय शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के जागांवर मुलाचा प्रवेश हवा असेल तर भाडेकरूकडे नोंदणीकृत करारच मागतात. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते, तीही मालकाकडून वेळेवर देववून घ्यावी.

जुन्या शहरात, म्हणजे मोहम्मद अली रोड, नागपाडा, मदनपुरा भागात पागडीची पद्धत आहे. पागडीने जागा घेताना मूळ मालकाची लेखी संमती आणि आपल्या नावाची भाडेपावती या दोन गोष्टी एकाच दिवशी हातात आल्या पाहिजेत. जुना भाडेकरू "पावती नंतर करून देतो" म्हणाला की उठून यावे. इमारतीचे वयही पाहावे. भेंडी बाजारातील पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळली व ३३ जणांचे प्राण गेले. म्हाडा दरवर्षी पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, महापालिकाही करतात. ती यादी पाहायला पैसे पडत नाहीत.

पाचवा धडा : विकत घेताना पाच कागद

मीटर, नळ आणि घरपट्टीची पावती यांवरून इमारत कायदेशीर ठरत नाही. महापालिका अनधिकृत बांधकामावरही कर लावते व पावतीने बांधकाम अधिकृत होत नाही. नोटरीने मालकी येत नाही. खरे कागद पुढीलप्रमाणे :

१) जमिनीचा सातबारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक. जमीन कुणाची, शेतीची की बिनशेती, सरकारी की वनखात्याची, हे यातून कळते.

२) महापालिकेने मंजूर केलेला नकाशा व बांधकाम सुरू करण्याचा दाखला. नकाशात किती मजले आहेत ते मोजावे आणि समोर किती आहेत तेही मोजावे.

३) भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सर्वजण ओसी म्हणतात.

४) दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला करार आणि त्याची सूची क्रमांक २.

५) नवीन प्रकल्प असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक.

या पाचव्या कागदावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघडकीस आले आणि २०२४ साली उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. २०२५ च्या सुरुवातीस नालासोपाऱ्यात ४१ अनधिकृत इमारती पाडण्यात आल्या. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ फाटा येथे बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण ठार झाले, त्यात लहान मुलेही होती. म्हणून परवानगीची झेरॉक्स घेऊन स्वतः महापालिकेच्या नगररचना विभागात जावे व तिचा क्रमांक तेथील नोंदीत आहे का ते विचारावे. माहितीच्या अधिकारात अर्जही करता येतो. वकिलाची फी ही घराच्या किमतीतील सर्वांत स्वस्त रक्कम आहे. वकील मात्र बिल्डरने सुचवलेला नसावा.

सहावा धडा : गाळा आणि माल

कारखान्याचा गाळा घेताना मीटर घरगुती आहे की व्यापारी, मागील थकबाकी आहे का, आपल्या मशिनांचा भार तो घेईल का, हे आधी पाहावे. वीज कंपनीही जागेप्रमाणे बदलते. जुन्या शहरात बेस्ट, तर भिवंडी व मुंब्र्यात टोरंट. जीएसटी नोंदणी असेल तर नवा गाळा किंवा गोदाम अतिरिक्त जागा म्हणून नोंदवून घ्यावे. न नोंदवलेल्या गोदामात माल सापडला तर उत्तर देता देता नाकी नऊ येतात. उद्यम नोंदणीवरचा पत्ताही बदलून घ्यावा, कारण बँक कर्ज देताना सर्व कागदांवरचे पत्ते जुळवून पाहते.

आणि पाऊस. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री तळमजल्यावरच्या गोदामांत कापडाच्या गाठी पाण्यात तरंगत होत्या. आमच्या एका दोस्ताचा ईदसाठी भरलेला सगळा माल त्यात गेला आणि विमा नव्हता. तेव्हापासून आमचा नियम असा की, गाळा पाहायला पावसाळ्यात जावे. भिंतीवरची पाण्याची जुनी रेघ शोधावी. शेजारच्या पानवाल्याला विचारावे, पाणी कुठवर येते. तो खरे सांगतो, कारण त्याला दलाली मिळायची नसते. गाठी जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवाव्यात व मालाचा विमा उतरवावा.

सातवा धडा : बायकामुले नंतर आणा, पण विचारून आणा

पुरुष मंडळी बाजार पाहून जागा ठरवतात आणि दिवसभर त्या घरात राहायचे असते ते बायकांना. पाणी किती वाजता येते, संडास आत आहे की सामायिक, मुलीची शाळा किती लांब आहे, रात्री आठला रस्त्यावर दिवे असतात का, हे घरातील बाईने स्वतः पाहावे. शाळेचे माध्यम आधी ठरवावे. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो व त्याचा आम्हाला अभिमान आहे, परंतु महापालिकेत अर्ज लिहिताना मराठीसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागले. आपल्या मुलांवर ती वेळ येऊ देऊ नका. मूल उर्दू शाळेत घाला किंवा इंग्रजी, मराठी मात्र पक्की करून घ्या. कारागिरांच्या मोठ्या मुलांसाठी भायखळ्याच्या साबू सिद्दीक पॉलिटेक्निकसारख्या संस्था आहेत, तेथील प्रवेशाची चौकशी वेळेत करावी. गावचे रेशनकार्ड रद्द करण्याची घाई नको. अन्नसुरक्षा योजनेतील कार्डावर दुसऱ्या गावीही धान्य घेता येते.

भाच्याचे काय झाले?

आम्ही त्याला घेऊन त्या रूमच्या महापालिकेत गेलो. नकाशाचा क्रमांक नोंदीत नव्हता. बयाण्याचे एकवीस हजार परत मिळाले नाहीत. तो रडवेला झाला. आम्ही म्हणालो, "बेटा, एकवीस हजार गेले, नऊ लाख राहिले. ही फी समज."

नंतर तो महिनाभर आमच्याकडे राहिला आणि वही घेऊन बाजार फिरला. कापड त्याला भिवंडीत स्वस्त पडले आणि रोख देणारे गिऱ्हाईक उल्हासनगरला मिळाले. या दोन्हींच्या मध्ये कल्याण आहे. जी रूम तो घेणार होता ती दुसऱ्याच लाइनवर होती. आज तो कल्याणला नोंदणीकृत करारावर भाड्याने राहतो, जवळच गाळ्यात त्याच्या सहा मशिनी चालतात. बहिणीचे दागिने त्याने परत केले. उरलेली रक्कम बँकेत आहे. घर घेईल तेव्हा घेईल, परंतु कागद वाचून घेईल.

आमचे वालिदसाहेब आज हयात नाहीत. त्यांच्या चार मागांच्या बदल्यात आम्हाला जो धडा मिळाला तो आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना फुकट मिळावा, एवढीच इच्छा आहे. आधी बाजार पाहा, मग लाइन ठरवा, वर्षभर भाड्याने राहा आणि पैसे देण्यापूर्वी कागद वाचा.